मोजायचं कुठे?

डबीत माझ्याच नाकातला ऐवज पडला होता. ऑपरेशनच्या वेळी तो सोललेल्या द्राक्षासारखा दिसत होता म्हणे. रात्रभर फॉर्मलीनमध्ये राहून आता करडा, निबर झालेला. याच्यापायी चार वर्षं मला करपलेली फोडणीसुद्धा कळत नव्हती.

घरच्यांच्या भाषेत, 'नाकात मांस वाढलंय.' पहिलं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं. तेव्हाच्या रिपोर्टात एकच ओळ होती: सुजेचा पॉलिप, कॅन्सर नाही. जीव भांड्यात पडला, फाइल कपाटात गेली, आणि दोन वर्षांत मांस पुन्हा उगवलं. या खेपेला सर्जननी नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'इओसिनोफिल मोजावेत.' ते कसं मोजतात, हे बघायला मी लॅबमध्ये जाऊन बसलो.

अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण हे सगळं मशिन करतं; त्यात बघण्यासारखं फार नाही. खरी गंमत मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढणाऱ्या यंत्रावर. टेक्निशियन काकांनी बर्फावरचा मेणाचा ब्लॉक उचलला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि चाक फिरवलं. 4 मायक्रॉन जाडीची पट्टी पात्यावरून सुटली. कोमट पाण्यावर ती साईसारखी पसरली, तशी काकांनी काचेवर अलगद झेलली. मग दोन रंग: हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं निळी, इओसिननं बाकीचं गुलाबी. मोजायची ती पांढरी रक्तपेशी इओसिन हा रंग आवडीनं पिते, म्हणून 1879 मध्ये पॉल एर्लिखनं तिला इओसिनोफिल म्हटलं. रंगावरून पडलेलं नाव, आपल्याकडच्या काळूसारखंच.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा मायक्रोस्कोप दोघांनी एकदम बघण्याचा होता. कमी पॉवरवर माझा पॉलिप म्हणजे पाण्यानं फुगलेली फिकट जाळी. 400 पट केल्यावर पेशी उलगडल्या. "तो बघा, चष्मेवाला," मॅडम म्हणाल्या. केंद्रकाचे दोन गोल, मध्ये बारीक दांडी, भोवती केशरट लाल दाणे. एकदा ओळख पटली की दुसरं काही दिसेनाच.

मोजणं सोपं आहे, असं मला तेवढ्यात वाटलं. मग मॅडमनी स्लाइड जराशी सरकवली. एका जागी तीन पेशी होत्या. त्याच तुकड्यात जरा बाजूला पन्नासावर. मग खरं काय धरायचं? त्यांनी आधी सगळा तुकडा पालथा घातला, जिथे गर्दी जास्त तिथे थांबल्या, पाच ठिकाणं निवडली. काउंटर एसटी कंडक्टरच्या चिमट्यासारखा टकटकत होता. 48, 61, 55, 39, 67. सरासरी 54.

"म्हणजे जास्त?"

"कुणाच्या हिशेबानं?" युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत 10 किंवा अधिक पेशी ही इओसिनोफिलच्या जातीच्या सुजेची खूण मानतात; महागडं बायोलॉजिक इंजेक्शन द्यायचं का, हे ठरवताना ती बघतात. जपानी डॉक्टरांनी 2015 मध्ये 70 ची रेघ आखली, कारण त्यांना ऑपरेशननंतर पॉलिप कुणाचा परततो ते हेरायचं होतं. माझं नाक दोन्हींच्या मध्ये लटकलेलं. त्यात आणखी एक भानगड: आयपीस बदलला तर खिडकीच बदलते. इथे दिसणाऱ्या गोलाचा व्यास 0.55 मिलिमीटर होता. 0.45 च्या गोलात हेच 54 साधारण 36 झाले असते. तरी कित्येक रिपोर्टांत नुसता आकडा असतो, खिडकीचं माप नसतं. मला तर हे वजन सांगून किलो की शेर ते न सांगण्यासारखं वाटलं.

"ऑपरेशनआधी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या?" मॅडमनी विचारलं.

घेतल्या होत्या. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आठवडाभर. मॅडमनी पेन खाली ठेवलं. स्टिरॉइडनं आधी याच पेशी ओसरतात. म्हणजे 54 हा शिलकीचा आकडा. 70 च्या खाली आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नव्हता. रिपोर्टात त्यांनी आकड्यासोबत गोलाचा व्यास लिहिला, खाली गोळ्यांची नोंदही केली.

"पहिल्या वेळी?"

तेव्हा गोळ्या नव्हत्या.

"मग तो ब्लॉक आणा. लॅबनं टाकला नसेल तर मेणात सगळं जसंच्या तसं असतं."

म्हणजे जो आकडा हवा होता तो सहा वर्षं कुठल्यातरी खोक्यात पडून होता, कुणी मोजलाच नव्हता. मी जुन्या लॅबला फोन लावला. तिथल्या मुलीनं रजिस्टर चाळलं, नंबर सापडला. "अर्ज आणि ओळखपत्र घेऊन या," ती म्हणाली, "पाचच्या आत."

साडेतीन वाजले होते. मी खाली उतरून रिक्षा पकडली.