विश्लेषण : विमान अपघातात संघ गमावलेला ‘शापेकोएन्से’ पुन्हा अव्वल श्रेणीत कसा पोहोचला?

ब्राझीलचा क्लब फुटबॉल म्हटले की आपल्याला सान्तोस आठवतो, फार तर फ्लेमेंगो किंवा पाल्मेरास. शापेकोएन्से हे नाव जगातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकले ते २८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री, तेही अपघाताच्या बातमीत. क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या सामन्यासाठी कोलंबियाला निघालेले विमान डोंगरावर कोसळले आणि ७७ पैकी ७१ जणांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२६ मध्ये या घटनेला १० वर्षे होतील. त्याआधीच, २०२५ च्या हंगामात हा क्लब ब्राझीलच्या अव्वल श्रेणीत परतला. त्या निमित्ताने या क्लबची वाटचाल.

क्लब नेमका कुठला?

दक्षिण ब्राझीलमधील सान्ता कातारिना राज्याच्या पश्चिम टोकाला शापेको हे शहर आहे. अपघाताच्या वेळी लोकसंख्या साधारण दोन लाख. कोंबडी आणि डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारे कारखाने हा तिथला मुख्य धंदा. १० मे १९७३ रोजी शहरातील दोन छोटे क्लब एकत्र आले आणि शापेकोएन्से जन्माला आला. घरचे मैदान ‘अरेना कोंडा’. हे नाव कैंगांग आदिवासींच्या एका प्रमुखाचे आहे. क्षमता सुमारे २० हजार. रंग हिरवा. राज्य पातळीवरील विजेतेपद क्लबने आजवर सात वेळा पटकावले आहे, पण ब्राझीलमध्ये राज्य स्पर्धा जिंकणे वेगळे आणि राष्ट्रीय लीगमध्ये टिकणे वेगळे.

चौथ्या श्रेणीतून अंतिम फेरीपर्यंत…

क्लबची खरी कामगिरी इथे आहे आणि अपघाताच्या बातम्यांत ती झाकली गेली. २००९ मध्ये शापेकोएन्से ब्राझीलच्या चौथ्या श्रेणीत, म्हणजे सेरी डीमध्ये खेळत होता. त्याच वर्षी वरच्या श्रेणीत बढती मिळाली. २०१२ मध्ये तिसरीतून दुसरी. २०१३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पाल्मेराससारख्या बड्या क्लबच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक आणि २०१४ मध्ये तब्बल ३५ वर्षांनी अव्वल श्रेणी, सेरी ए. एकही तारांकित खेळाडू नाही, पैसा जेमतेम. स्थानिक उद्योजकांनी हात राखून खर्च करत क्लब चालवला. मोठ्या क्लबांनी सोडलेले, दुय्यम मानलेले खेळाडू घ्यायचे आणि त्यांच्यातून संघ बांधायचा, असा हा मामला होता.

२०१५ मध्ये कोपा सुदामेरिकाना या खंडीय स्पर्धेत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. ही स्पर्धा म्हणजे दक्षिण अमेरिकेची युरोपा लीग समजा. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटने त्यांना बाहेर काढले, पण घरच्या मैदानावर शापेकोएन्सेने रिव्हर प्लेटला २-१ असे हरवलेही होते.

पुढच्या वर्षी याच स्पर्धेत गोलरक्षक डॅनिलोने कमाल केली. अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेविरुद्ध दोन्ही लढती ०-० सुटल्या आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये डॅनिलोने चार फटके अडवले. त्यानंतर कोलंबियाच्या ज्युनियर क्लबला मागे टाकले. उपांत्य फेरीत सान लोरेन्झोविरुद्ध ब्युनोस आयर्समध्ये १-१ बरोबरी झाली होती. परतीच्या सामन्यात ०-० असताना अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याने अगदी जवळून मारलेला फटका डॅनिलोने पायाने अडवला. तो चेंडू आत गेला असता, तर संघ अंतिम फेरीत गेला नसता. म्हणजे त्या विमानातही बसला नसता. यावर शापेकोतील लोकांनी किती वेळा विचार केला असेल, कोण जाणे.

अपघात का झाला?

इंधन संपल्यामुळे. तांत्रिक बिघाड नव्हता, घातपात नव्हता. संघ प्रवासी विमानाने बोलिव्हियातील सान्ता क्रूझ शहरात पोहोचला आणि तिथून ‘लामिया’ या छोट्या कंपनीच्या भाड्याच्या विमानाने कोलंबियातील मेडेलिनकडे निघाला. सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर, आणि त्या अॅव्हरो विमानाचा पूर्ण टाकीवरचा पल्लाही जवळपास तेवढाच.

इथे एक साधे गणित आहे. कोणत्याही विमानात मुक्कामापर्यंतचे इंधन, शिवाय तिथे उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावर घिरट्या घालण्यासाठी किमान अर्ध्या तासाचा साठा असावा लागतो. या उड्डाणाच्या आराखड्यात प्रवासाचा कालावधी ४ तास २२ मिनिटे लिहिला होता. इंधन किती वेळ पुरेल? तेही ४ तास २२ मिनिटे! सान्ता क्रूझच्या विमानतळावरील एका कर्मचारी महिलेने त्यावर आक्षेप नोंदवला होता. तरीही विमान उडाले. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ शिकवतात. रचनेला जेवढा भार पेलायचा, त्यापेक्षा जास्त ताकद मुद्दाम राखून ठेवायची. इथे राखीव काहीच नव्हते. मधे बोगोटाला उतरून इंधन भरता आले असते, ते भरले नाही. वैमानिक स्वतः कंपनीच्या मालकांपैकी एक होता, ही बाब इथे लक्षात ठेवण्यासारखी.

मेडेलिनजवळ पोहोचल्यावर दुसऱ्या एका विमानाला उतरण्यासाठी प्राधान्य मिळाल्याने या विमानाला हवेतच थांबावे लागले. एकेक करून इंजिने बंद पडली आणि विमान डोंगरावर आदळले. टाक्या रिकाम्या असल्याने स्फोट झाला नाही. सहा जण वाचले, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. मृतांत १९ खेळाडू, प्रशिक्षक कायो ज्युनियर आणि २० पत्रकार होते. डॅनिलोला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढले होते, पण रुग्णालयात त्याने प्राण सोडला.

विजेतेपद कसे मिळाले?

अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी होता मेडेलिनचा अॅटलेटिको नॅसिओनाल. त्याच वर्षी कोपा लिबर्टाडोरेस जिंकलेला, म्हणजे खंडातला सर्वांत बलाढ्य संघ. त्यांनी चषक शापेकोएन्सेला द्यावा, अशी विनंती संघटनेला केली. ३० नोव्हेंबरला, सामना जेव्हा व्हायचा होता त्याच वेळी, मेडेलिनचे स्टेडियम पांढरे कपडे घातलेल्या लोकांनी भरून गेले. ज्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायच्या, त्यांच्याच नावाचा जयघोष झाला. ५ डिसेंबरला शापेकोएन्सेला अधिकृतपणे विजेता घोषित करण्यात आले. क्लबचे ते पहिले आणि आजवरचे एकमेव खंडीय विजेतेपद.

पुढे काय झाले?

ब्राझीलमधील क्लबांनी खेळाडू उसने देण्याची तयारी दाखवली. तीन हंगाम शापेकोएन्सेला खालच्या श्रेणीत ढकलू नये, असा प्रस्तावही मांडला. शापेकोएन्सेने ही सूट नाकारली. आमच्या मते क्लबच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय, कारण त्याची किंमत पुढे खरोखर मोजावी लागली.

वीसहून अधिक नवे खेळाडू घेऊन उभा केलेला संघ २१ जानेवारी २०१७ रोजी पाल्मेरासविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळला. अपघाताआधीचा शेवटचा सामनाही पाल्मेरासविरुद्धच झाला होता. ७१ व्या मिनिटाला खेळ थांबवून मृतांना आदरांजली वाहण्यात आली. त्या वर्षी संघाने राज्य विजेतेपद जिंकले आणि सेरी एमध्ये आठवा क्रमांक मिळवला. वाचलेल्या तीन खेळाडूंपैकी अॅलन रुशेल ऑगस्टमध्ये बार्सिलोनाविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला. सामना ०-५ असा गमावला, पण त्या दिवशी गुणफलकाकडे कोण बघणार! पाय गमावलेला गोलरक्षक जॅक्सन फोलमन पुढे टीव्हीवरील गाण्याच्या स्पर्धेचा विजेता ठरला. बचावपटू नेटोने पुनरागमनासाठी खूप प्रयत्न केले, पण वेदना थांबेनात. २०१९ च्या अखेरीस त्याने निवृत्ती घेतली.

त्याच वर्षी क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०२० चा दुसऱ्या श्रेणीचा हंगाम करोनामुळे लांबला. त्यातच डिसेंबरमध्ये क्लबचे अध्यक्ष पाउलो माग्रो यांचे करोनाने निधन झाले. तरीही जानेवारी २०२१ मध्ये, शेवटच्या सामन्याच्या भरपाई वेळेत मिळालेल्या पेनल्टीवर गोल करून संघाने केवळ गोलफरकाच्या जोरावर विजेतेपद मिळवले. २०२१ मध्ये सेरी एमध्ये मात्र ३८ सामन्यांत एकच विजय, एकूण १५ गुण. पुन्हा घसरण. मग चार हंगाम दुसऱ्या श्रेणीत काढल्यावर २०२५ मध्ये तिसरा क्रमांक मिळवून पुन्हा बढती.

दरम्यान, मृतांच्या कुटुंबीयांना विम्याच्या भरपाईसाठी वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. विमान कंपनीच्या विम्याची रक्कम अपघातापूर्वीच मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आली होती, हे नंतर उघड झाले.