बंदुकीवरची दुर्बीण आणि सांजेचा उजेड

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एल्क या दांडग्या हरणाच्या शिकारीला सूर्यास्तानंतर अर्धा तास मिळतो. त्यानंतर झाडलेली गोळी बेकायदा. जर्मनीत हरणांच्या शिकाऱ्याला तीच सवलत दीड तासाची आहे आणि रानडुकरासाठी तर रात्रभर मचाणावर बसून राहिलं तरी कायद्याची हरकत नसते. फरक फक्त एका तासाचा. पण त्या तासामुळे दोन देशांतल्या रायफलींवरच्या दुर्बिणींची घडणच वेगळी झाली आहे. कोलोरॅडोत सडपातळ ‘३-९×४०’ स्कोप सर्रास दिसतो. जर्मन रायफलीवर मात्र पुढे भोंग्यासारखी फुगत गेलेली, जाडजूड ‘८×५६’ ही पिढ्यान् पिढ्यांची आवडती.

पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते तो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीला पूर्णविराम दिला, त्यामुळे रायफलीचा स्कोप इथे कुणी निवडायला जात नाही. पण भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाणाऱ्यांच्या गळ्यातल्या ८×४२ दुर्बिणीवर हीच भाषा लिहिलेली असते. गणितही तेच आहे.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे रोखली, तर मागच्या भिंगात एक लख्ख गोल चकती तरंगताना दिसते, तीच ही. ८×५६ मध्ये ती ७ मिलिमीटरची असते, कारण अंधारात तरुण माणसाची बाहुली तेवढीच, साधारण ७ मिलिमीटर, उघडते. आत शिरणारा झोत बाहुलीपेक्षा बारीक असेल तर चित्र काळवंडतं. जाड असेल तर कडेचा उजेड बुबुळावर पडून वाया जातो. बाहुलीचं हे उघडणं वयाबरोबर आक्रसत जातं. साठीत ती पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरते. म्हणजे गंमत अशी की, ५६ चं महागडं भिंग परवडण्याइतका पैसा हाती येईपर्यंत बऱ्याच शिकाऱ्यांच्या डोळ्यांना त्याचा पुरता उपयोग राहिलेला नसतो.

कोलोरॅडोत सूर्यास्तानंतरचा अर्धा तास म्हणजे ढोबळमानाने नागरी संधिप्रकाशाचा काळ. सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर जाईपर्यंत आकाशात पुरेसा उजेड रेंगाळतो. तिथल्या शिकाऱ्याने स्कोपवरचं पट बदलायचं कडं ९ वरून ६ वर फिरवलं, की ४० च्या भिंगातूनही झोत साडेचार मिलिमीटरवरून साडेसहाच्या वर जातो. दुकानात जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी मनगट थोडं वळवलं तरी काम भागतं. जर्मन शिकाऱ्याला मात्र जवळजवळ काळोखात डुक्कर नर आहे की पिल्लांची आई, हे ओळखायचं असतं. त्याला ५६ च्या भिंगाचं वजन वाहण्यावाचून गत्यंतर नाही.

भिंगाचा आकार हा झाला अर्धा हिशोब. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फेकतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले, तर एकतृतीयांश उजेड वाटेतच गळतो आणि त्यातला काही आतल्या आत उसळून चित्रावर पांढुरकी झाक आणतो. १९३५ मध्ये कार्ल झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवण्याची युक्ती काढली. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, आणि परावर्तन जवळपास नाहीसं होतं. जर्मन लष्कराने हा शोध बराच काळ गुप्त ठेवला होता. आजच्या चांगल्या स्कोपमध्ये असे अनेक थर एकावर एक असतात. दोन स्कोपचे आकडे तंतोतंत सारखे असूनही किमतीत पाचपट फरक का, याचं बरंचसं उत्तर या डोळ्याला न दिसणाऱ्या थरांत आहे.

पाऊस आणि थंडी हा आणखी एक शत्रू. ओरेगनमधल्या मार्कस ल्यूपोल्ड यांच्या घराण्याचा धंदा जमीन मोजण्याच्या उपकरणांचा. सांगतात ते असं, की शिकारीला गेले असताना त्यांचा स्कोप आतून धुकटला आणि समोरचं हरीण निसटलं. कारण सरळ होतं: नळीत अडकलेल्या हवेतलं बाष्प गारठ्याने काचेवर जमतं. १९४७ मध्ये त्यांच्या कंपनीने नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरलेला, हवाबंद स्कोप बाजारात आणला. आज ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे, की तिची कुणी वेगळी चौकशीही करत नाही.

नवशिका हटकून चुकतो ते मोठेपणाच्या आकड्यापाशी. २५ पट ऐकायला भारदस्त वाटतं. पण एल्कच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे ४० सेंटीमीटर रुंद असतो. तीनशे यार्डांवरून तो ६ पटीतही नीट दिसतो. त्या अंतरावर अडचण वेगळीच असते. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या .३०-०६ रायफलीची गोळी तीनशेला पोहोचेपर्यंत वीसेक सेंटीमीटर खाली येते. ही घसरण माहीत असावी लागते, भिंग ती भरून काढत नाही. शिवाय पट वाढली की दृश्य आक्रसतं: १०० मीटरवर ३ पटीत ११ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर ९ पटीत जेमतेम ४. हाताचा कंपही तितकाच मोठा होतो, तो भाग वेगळा.

दृष्टिभेदाचं म्हणजे पॅरलॅक्सचंही थोडं असंच. डोळा मध्यापासून सरकला की स्कोपमधली नेम धरायची फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी वाटते, म्हणून ते दुरुस्त करणारं वेगळं बटण घ्यावं, असं विक्रेता सांगतो. १०० यार्डांवर जुळवलेल्या ४० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये ३०० यार्डांवर ही चूक फार तर ४ सेंटीमीटरची होते, आणि तीही डोळा अगदी कडेला गेला तर. एल्कसाठी हे बटण म्हणजे निव्वळ शोभा.

आफ्रिकेत केप म्हशीच्या मागे जाणाऱ्यांचं गणित उलटं. जनावर झुडपात, चाळीस-पन्नास मीटरवर, आणि हातात १९१२ पासून चालत आलेलं .३७५ हॉलंड अँड हॉलंड किंवा त्याहून दांडगं काडतूस. इथे १ ते ४ पटीचा स्कोप लागतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता येईल असा. भिंगापासून भुवईपर्यंत किमान ९ सेंटीमीटर अंतर हवं. नाहीतर धक्क्यासरशी स्कोपची कड कपाळावर चंद्रकोर कोरून जाते. अशा जुन्या व्रणाचे मानकरी प्रत्येक शिकारी तळावर भेटतात. स्कोप चटकन काढता येईल अशी बैठकही अनेक जण घेतात. भारतात जिम कॉर्बेट यांनी १९३० मध्ये चौगढची नरभक्षक वाघीण तर सुमारे आठ फुटांवरून, एका हाताने रायफल धरून मारली. तिथे दुर्बीण असती तर अडगळच झाली असती.

आणि काही ठिकाणी तर कायदाच ती उतरवायला लावतो. कोलोरॅडोत सप्टेंबरमध्ये, एल्क माजावर येऊन शीळ घालत फिरतात तेव्हा, तोंडाकडून दारू ठासायच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम असतो. त्यात स्कोप चालत नाही, फक्त उघडी माशी. यात खरी पंचाईत होते ती चाळिशी ओलांडलेल्यांची. मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि दूरवरचं जनावर ही तीन अंतरं डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट करता येत नाहीत. तरुण डोळा झपाट्याने एकावरून दुसऱ्यावर जातो, कडक होत गेलेलं नेत्रभिंग ते जमवत नाही. नियमांनी त्यावर थोडी वाट ठेवली आहे: माशीला चमकता रंग लावलेला किंवा प्रकाशतंतू बसवलेला चालतो, बॅटरीवर उजळणारा लाल ठिपका मात्र नाही.