काष्ठद्रोणीस जलरोधक लेप कोणता द्यावा?

पंचकर्मासाठी लाकडी द्रोणी वापरणाऱ्या वैद्यांकडून दर पावसाळ्यात त्याच तक्रारी ऐकू येतात. फळी फुगली, सांधा सुटला, तळाला बुरशी धरली. सुतारास विचारावे तर तो पॉलिश मारून देतो. रंगाच्या दुकानात विचारावे तर 'वॉटरप्रूफ' लिहिलेला जो डबा पुढे असेल तो हातात पडतो. वास्तविक अभ्यक्त व स्विन्न त्वचेशी तासभर संबंध येणाऱ्या पृष्ठभागास कोणता लेप द्यावा, हा निर्णय सुताराचा नसून वैद्याचा आहे.

प्रथम लाकडाचा स्वभाव पाहू. छत्रपती संभाजीनगरास वर्षाकाठी सुमारे ७०० मि.मी. पाऊस पडतो, सावंतवाडीस ३००० मि.मी.हून अधिक, तरीही आमच्याकडील द्रोण्या कोकणातील द्रोण्यांपेक्षा कमी फाटतात असे नाही. कारण येथे वैशाखात हवा अत्यंत रूक्ष असते व आषाढात तीच आर्द्र होते. लाकडास ही ओढाताण सोसत नाही. कोणताही लेप ओलावा पूर्णपणे रोखत नाही, तो त्याची गती मंद करतो. लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकांतून पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगाने शिरते, म्हणून टोकांना अधिक हात हवेत. तसेच आतील बाजूस लेप देऊन तळ कोरा ठेवला, तर एकच बाजू फुगून फळी वाकते. बहुतेक द्रोण्या अशाच बिघडतात; दोष मात्र लाकडास दिला जातो.

आता द्रव्यविचार. लाक्षा आपल्या परिचयाची. सावंतवाडीच्या लाकडी वस्तूंवर लाखेचे काम कोकणच्या दमट हवेतही शोभून दिसते. परंतु तेथे वस्तू हाताळण्यापुरतीच असते. लाख मद्यार्कात विरघळते, क्षाराने सुटते, उष्णतेने मऊ होते आणि पाणी साचून राहिल्यास पांढरी पडते. द्रोणी आपण गरम पाण्याने, साबणाने किंवा सोड्याने धुतो. तेव्हा द्रोणीच्या अंतर्भागास लाख अयोग्य. औषधशाळेतील मालकांनीही ध्यानात ठेवावे की आसवारिष्टे ढवळण्याच्या लाकडी दांड्यांवर लाखेचे पॉलिश नको. स्वयंजनित मद्यार्क त्यास मऊ करील आणि तो अंश औषधात उतरेल.

बिब्ब्याविषयी मात्र विस्ताराने लिहिणे भाग आहे. बिब्ब्याचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल लाकडास चोपडावे, असा सल्ला जुने कारागीर देतात, आणि जलरोधक म्हणून तो खोटा नाही. काजूच्या टरफलाचे तेल होड्यांच्या लाकडास लावण्याची रीत किनाऱ्यावर आहेच. पण भल्लातकाचे दाहकत्व आपल्याला कोणी शिकवायला नको. औषधार्थ आपण तो विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करून घेतो. सुतार जसा मिळेल तसा वापरणार. वाळल्यावर तो निरुपद्रवी होतो हा समजही चुकीचा आहे. परटाने कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण धुऊन वाळलेली असते, तरी तिच्यामुळे मानेवर चट्टे उठतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांत हा विकार ठळकपणे आढळला होता. ज्या द्रोणीत उष्ण तेल ओतून रुग्णास निजवायचे, तिला हे द्रव्य आतून वा बाहेरून कोठेही लावू नये. रुग्णास पित्त उठले तर दोष शेवटी आपल्या तेलास लागतो.

राहिली तेले. येथे आयोडीन मूल्याचे ज्ञान उपयोगी पडते. खोबरेलाचे हे मूल्य साधारण ७ ते ११, तिळाचे १०३ ते १२०, तर जवसाचे १७० ते २००. मूल्य जितके अधिक तितके तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट पापुद्रा धरते. म्हणूनच खोबरेल चोळलेली द्रोणी वर्षभर चिकटच राहते. तीळतेलही पुरेसे वाळत नाही. जवस उत्तम, मात्र रंगाच्या दुकानातील 'उकळलेले जवस तेल' घेऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंची लवणे घातलेली असतात, पूर्वी शिसेही असे. घाण्याचे कच्चे तेल घ्यावे व धीर धरावा.

नुसत्या जवसाचा थर पाण्यास फारसा दाद देत नाही असे नाही, म्हणून त्यात मेण वा राळ मिसळतात. मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांवर वितळते. द्रोणीवर कढत पाणी ओतल्यास ते निघून जाईल. राळ खरी शालवृक्षाची असेल तर चांगली. बाजारात तिच्या जागी पुष्कळदा चिडाचा बेरजा मिळतो. त्याचा लेप पाण्याने पांढरा पडतो आणि काहींच्या त्वचेस तो मानवतही नाही. मेलामाइनचा चकचकीत लेप आम्ही टाळतो, त्यातून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. दोन घटकांचा पॉलियुरेथेन पाणी, तेल व साबण यांस चांगला टिकतो, पण तो पूर्ण पक्व झाल्यावरच, आणि आम्ही त्यास बाहेरील बाजू, पाय व तळ एवढेच देतो.

आमच्या मते अंतर्भागास कच्च्या जवसाचे पाच-सहा पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने जादा तेल कापडाने टिपून घ्यावे आणि आधीचा हात बोटास कोरडा लागेपर्यंत, मग चार दिवस लागोत वा आठ, पुढचा देऊ नये. काम माघ-फाल्गुनात करावे. पावसात तेल वाळत नाही. त्यानंतर दरवर्षी एक हात पुरे. ओल शिरली, तरी या लेपाखाली ती कोंडत नाही व पापुद्रे सुटत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लेप द्यावा, आणि गरम तेल, साबणाचे पाणी व साधे पाणी प्रत्येकी एक दिवसभर ठेवून पाहावे.

जवसाने भिजलेली कापडे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडून कापड आपोआप पेट घेते. औषधशाळेत शेजारी वनस्पतींची पोती असतात. कापडे पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा बाहेर दोरीवर एकेक सुटी पसरावीत.