नाना विहीरवाले यांचं खातं

"नाना टेकडी?"

"चालू."

"नाना विहीरवाले?"

"ते आणि नाना थोरले एकच. दोन खाती झालीत बघ."

"नाना जावई?"

आबा जरा थांबले. "तो आता गावात नाही. पण बाकी असेल."

"आहे. अठराशे चाळीस."

"मग राहू दे."

निफाड तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात मे महिन्याच्या उन्हात हे वाचन चाललं होतं. दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. मी त्या भागात द्राक्षांवर लिहायला गेलो होतो. दुकानाचे मालक बोलता बोलता म्हणाले, "आमच्याकडे 1,146 खाती आहेत. त्यात माणसं किती, ते फक्त ताईंना माहीत." ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून द्राक्षं बाजूला ठेवून मी ताईंच्या टेबलाशी जाऊन बसलो.

ताई इथे आल्या तेव्हा खतावणी कागदावर होती. बी.कॉम. झालेली, लग्न होऊन गावात आलेली मुलगी, हाताला काम हवं म्हणून मालकांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तिला कीर्द लिहायला बसवलं. मग संगणक आला, टॅली आली, व्हॅट गेला, जीएसटी आला. टेबल तेच राहिलं. मागे गोदामाचं दार, आणि त्या दारातून दिवसभर गंधकाचा, कीटकनाशकांचा, ओलसर गोण्यांचा मिळून एक जड वास येत राहतो. पहिल्या तासाभरात माझं डोकं धरलं. ताईंना तो वास येत नाही. गोदामातला पोरगा सुट्टीवरून आला की त्याच्या कपड्यांना वास नसतो, तेव्हा चुकल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणाल्या.

बदल का करायचा? जुना संगणक दर आठवड्याला बंद पडत होता, हे एक. दुसरं, 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. बियाण्यांना कर नाही, रासायनिक खताला पाच टक्के, कीटकनाशकांना अठरा, हे तसंच राहिलं. पण सूक्ष्म अन्नद्रव्यं, जैविक कीडनाशकं, ठिबकचं साहित्य बारावरून पाचावर आलं. ऐन छाटणीच्या तोंडाशी ताईंनी एकेक वस्तू उघडून दर बदलले. दुकानाचा टॅलीचा जुना परवाना कित्येक वर्षांत नूतनीकरण न केलेला, त्यामुळे नवी विवरणपत्रं त्यातून थेट निघत नव्हती. महिन्याच्या अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-1 भरायचा, म्हणून आधी सगळं एक्सेलमध्ये काढायचं आणि मग कर सल्लागाराकडे पाठवायचं. हे किती दिवस चालणार?

मालकांच्या मुलाने नाशिकचा एक विक्रेता बोलावला. खास कृषी दुकानांसाठी केलेलं, मोबाइलवर चालणारं पॅकेज. बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, उधारीचे आपोआप जाणारे व्हॉट्सअॅप संदेश, सगळं त्यात. विक्रेता उत्साही होता आणि त्याला त्याचं काम येत होतं. त्यात प्रत्येक ग्राहक ओळखला जातो तो मोबाइल नंबरवरून. नंबर टाकला की खातं उघडतं.

ताईंनी विचारलं, "एका घरात एकच फोन असेल तर?"

इथून खरी गोष्ट सुरू होते, असं मला वाटतं. द्राक्षाच्या पट्ट्यात जमिनीची वाटणी झालेली असते, पण फोन धाकट्या भावाकडे असतो आणि औषध न्यायला थोरला येतो. कुणाचं सिम दर वर्षी बदलतं. कुणाकडे दोन नंबर आहेत आणि एक तो सांगत नाही. ताईंच्या खतावणीत माणूस ओळखला जातो तो विहिरीवरून, टेकडीवरून, सासरवाडीवरून, तो पूर्वी चालवत असलेल्या गाडीवरून. हे कागदी खतावणीतून संगणकात जसंच्या तसं उतरलं, कारण टॅलीने ते उतरू दिलं. 1986 साली बंगळुरूमध्ये श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याचा हिशोब ठेवायला मनासारखा प्रोग्राम मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंकांना, तो लिहायला सांगितला. त्या काळचे हिशोबाचे प्रोग्राम प्रत्येक खात्याला कोड मागायचे. यांच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे टॅलीत, खात्याचं नाव लिहिलं की पुरे. एका व्यापाऱ्याने आपल्या गरजेतून मागितलेली ती गोष्ट होती. निफाडच्या एका टेबलावर "नाना विहीरवाले" हे नाव इतकी वर्षं टिकलं ते तिच्यामुळे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

सरकारला नाना कोण हे नको असतं. शेतकऱ्याकडे जीएसटी नंबर नसतो, त्यामुळे विवरणपत्रात या दुकानाची विक्री दरानुसार एकगठ्ठा जाते. पाच टक्क्यांची इतकी, अठराची इतकी. नानांचं नाव लागतं फक्त दुकानाला. बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी कराबद्दल बोलतो, आणि दुकान उभं आहे उधारीवर.

ती उधारी कशी चालते, हे ताईंनी मला बिलबुक उघडून दाखवलं. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात, डाऊनी आणि भुरी या रोगांची भीती असते, माल रोज उचलला जातो. पैसे येतात द्राक्षं गेल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे आर्थिक वर्ष 31 मार्चला तुटतं ते बरोबर वसुलीच्या मधोमध. विक्रेता सांगत होता, 1 एप्रिलला नवीन सुरुवात करा, सगळे तसंच करतात. ताई म्हणाल्या, "एप्रिलमध्ये माणूस पैसे घेऊन दारात उभा असतो. त्याला काय सांगू, खातं उघडत नाही?" अक्षय तृतीया होऊ दिली आणि मग काम काढलं.

आपोआप जाणाऱ्या संदेशांवरही ताईंचं असंच होतं. तीस दिवस झाले की संदेश जाणार. जानेवारीत बाग फुगवणीवर असताना कुणाला "आपली बाकी थकली आहे" असा संदेश गेला, तर तो पुढचं औषध दुसऱ्या दुकानातून घेईल आणि जुनी बाकी मनातून उतरेल. मालकांचा मुलगा वाद घालत होता, आणि त्याचंही अगदीच चूक नव्हतं. दुकानाला कंपन्यांचे पैसे वेळेवर द्यावे लागतात, तिकडे छाटणी कुणी बघत नाही. पण आबांनी मान हलवली आणि तो विषय तिथेच थांबला.

विक्रेत्याच्या दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. एडिट लॉग, म्हणजे कुठली नोंद कुणी कधी बदलली याची न पुसता येणारी नोंद, आता सक्तीची आहे असं त्याने सांगितलं. 1 एप्रिल 2023 पासून ती सक्ती आहे ती कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. एका मालकीच्या दुकानाला ती लागू नाही. ई-इनव्हॉइसही लागेल म्हणाला. ती 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना, आणि तीही नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीसाठी. शेतकऱ्याला दिलेल्या पावतीशी तिचा संबंध नाही. छोट्या दुकानदाराला कायद्याची भीती घालून माल विकणं मला मान्य नाही, मग माल कितीही चांगला असो.

ताईंना मात्र एडिट लॉग हवाच होता. काही वर्षांपूर्वी हाताखालच्या कुणीतरी मागल्या तारखेचं एक बिल बदललं होतं. फरक सापडेपर्यंत सगळ्यांची नजर त्यांच्यावर होती. "सक्ती नसली तरी चालू ठेवा," त्या म्हणाल्या, "कुणी काय केलं ते दिसू दे."

बदलाआधी गोदामातल्या मालाची मोजणी दोन माणसांनी केली. तिथे मी फार वेळ थांबू शकलो नाही. खताचा साठा तीन ठिकाणी जुळावा लागतो: गोदामात, हिशोबात, आणि आधारवर अंगठा घेऊन खत विकायच्या पीओएस यंत्रात. युरियाची दोन खाती निघाली, पन्नास किलोच्या गोणीचं आणि 2018 नंतरच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीचं. जुन्या खात्यात तीन गोण्या अजून शिल्लक दिसत होत्या. त्या कुठेच नव्हत्या.

बॅकअप दोन पेनड्राइव्हवर आणि एक कर सल्लागाराकडे गेला, नवा संगणक आला, चाचणीसाठी एक प्रत उघडली.

मग पुन्हा यादी. एकोणचाळीस पानं, 1,146 खाती. मराठी वर्णक्रमाने लावलेली. 'क' आल्यावर ताईंचा आवाज बदलला असं मला वाटलं. कदाचित मीच जास्त लक्ष देऊन ऐकत होतो. तिथे ओळीने सगळी नावं "कै." ने सुरू होत होती. माणूस गेला की ताई त्याच्या नावाआधी "कै." लिहितात, म्हणजे चुकून त्याच्या नावावर बिल फाटत नाही. बाकी तशीच राहते. ते सगळे एका ठिकाणी एकत्र आले होते, सव्वा पान भरून. कै. अण्णा मळेकर, कै. बापू पाटाजवळचे. ताई रक्कम वाचत होत्या आणि आबा सांगत होते: याचा मुलगा देतो दर वर्षी थोडे. याच्या तिघा भावांत वाटणी झाली, थोरल्याच्या नावे टाक. याचं राहू दे, मी बोलतो.

विक्रेत्याच्या पॅकेजमध्ये अशा खात्यांसाठी सोय होती. "निष्क्रिय" केलं की ते यादीतून दिसेनासं होतं. त्यातल्या एकाचा नंबर ताईंनी सहज टाकून पाहिला. तो आता त्याच्या बायकोच्या हातात होता आणि तिच्या नावे नवं खातं सुरू होतं. तिच्या खात्यावर पहिलाच संदेश नवऱ्याच्या बाकीचा गेला असता. त्या सव्वा पानाचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. त्या दुकानात कोण कुणाचं काय लागतं, हे माहीत असलेली दोनच माणसं आहेत, आणि त्यातलं एक पंच्याऐंशीच्या घरात आहे.

शेवटी दुकानाने जुन्याच प्रोग्रामची नवी आवृत्ती, टॅलीप्राइम, घेतली. खाती नावानेच राहिली. मोबाइल नंबर आहे, पण माहितीपुरता. एकाऐवजी अनेक संगणकांवर चालणारा परवाना तिप्पट महाग, तरी ताईंनी तोच मागितला. आता काउंटरवर बिल तिथल्या तिथे चढतं; आधी त्या रात्री आठपर्यंत बसून बिलबुकावरून चढवत असत. तो खर्च योग्यच झाला. बिलागणिक बाकी दाखवायची सोय त्यांनी सुरू केली नाही, कारण शेतकरी पैसे देताना कुठल्या बिलाचे ते सांगत नाही. खात्यावर जमा करा, एवढंच म्हणतो.

ताईंचा एक प्रश्न मात्र प्रत्येक दुकानदाराने विचारावा असा आहे. विक्रेत्याला त्यांनी विचारलं होतं, वर्गणी थांबली तर माझी जुनी खाती मला उघडता येतील का, आणि सगळी कागदावर निघतील का. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने जपावे लागतात. नानांच्या बाकीला तर मुदतच नाही. विक्रेता म्हणाला, विचारून सांगतो. त्याचं उत्तर आलं नाही, आणि मालकांचा निर्णय तिथेच झाला.

1,146 खात्यांची 871 झाली. त्रेसष्ट खाती अशी उरली की ती कुणाची, हे आबांनाही सांगता येईना. ती ताईंनी "विचारणे" नावाच्या एका गटात ठेवली आहेत. ऑक्टोबरमध्ये छाटणीचं औषध न्यायला लोक येतील, तेव्हा काउंटरवर एकेकाला विचारून ती लावायची आहेत. तोवर जुना संगणक टेबलाखाली चालू ठेवायचा आहे.