केमिस्ट्रीची ट्यूशन, पण नक्की कशासाठी?

अकरावीची पहिली युनिट टेस्ट झाली की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, 'केमिस्ट्रीला ट्यूशन लावू या का?' तुमच्याकडेही झालं असेल. दहावीला सायन्समध्ये मस्त मार्क असतात आणि मोल कन्सेप्टपाशी गाडी रुतते ती रुततेच.

मीही त्यातलीच. आज मास कॉम करून पेपरात इंटर्नशिप करतेय, पण बारावी पीसीएमची, तीही मोठ्या क्लासवाली. एका बॅचला शंभरच्या वर मुलं, एसी, प्रोजेक्टर, कॉलरला माइक लावलेले सर. सर शिकवायचे छानच, खोटं कशाला बोलू? पण 'समजलं का?' म्हटल्यावर सगळे 'होऽऽ सर' म्हणत असताना एकटीनं 'नाही' म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. तुमच्यात आहे? त्यात क्लासची फी बाबांनी हप्त्यांनी भरलेली. त्यामुळे 'काही कळत नाहीये' हे घरी सांगायचीही चोरी.

दिवाळीनंतर मार्क बघून आईनंच आमच्या कॉलनीतल्या एका ताईंकडे पाठवलं. त्या एमएस्सी. सकाळी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर, संध्याकाळी घरी चार-पाच मुलं. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. माझा टेस्टचा पेपर मागितला, दोन मिनिटं चाळला आणि विचारलं, ''18 ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. मग साडेचार ग्रॅम म्हणजे किती?''

मी सूत्र आठवायला लागले.

''अगं, सूत्र राहू दे. 18 रुपयांना एक किलो, तर साडेचार रुपयांत किती?''

''पाव किलो.''

''मग? केमिस्ट्री येतेय तुला. तुझं त्रैराशिक शाळेत राहिलंय.''

इतके महिने मी ज्याला केमिस्ट्रीची भीती समजत होते, ती निघाली गुणोत्तराची! पुढे पीएचच्या गणितांत हेच झालं. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं आणि ते बघायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणजे कुणीतरी शिकवलं असेल, मी मागच्या बाकावर असेन. ताईंनी दोन संध्याकाळी फक्त तेच केलं.

म्हणून डेमो लेक्चरला जाल तेव्हा नोट्स किती चकचकीत आहेत ते बघू नका. आपला चुकलेला पेपर घेऊन जा. समोरचा माणूस तो वाचतो की थेट 'गॅरंटी'वर येतो, ते बघा.

आणि तुम्हाला ट्यूशन कोणत्या परीक्षेसाठी हवीय? बोर्डाला 70 मार्कांचा लेखी पेपर, तिथं उत्तर मांडता यायला लागतं. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न आणि 90 मिनिटं. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडायचा नाही. नीट, जेईईला मात्र तुक्का महागात पडतो. तिन्हींना एकच गाइड पुरेल असं म्हणणाऱ्यापासून जरा जपूनच.

राहिले प्रॅक्टिकलचे 30. हे घरातल्या टेबलावर होत नाही. परमँगनेटचं टायट्रेशन करताना फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एखादा थेंब जास्त पडला की रीडिंग गेलं. ते हातालाच कळावं लागतं. टाय-अपवाल्या बॅचमधल्या माझ्या एका मैत्रिणीनं ब्युरेट पहिल्यांदा हातात धरलं ते बारावीच्या जानेवारीत. हजेरी मात्र फुल होती. तुमचं कॉलेज लॅब घेत असेल तर ती बुडवू नका, क्लासचं लेक्चर गेलं तरी चालेल.

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण बीएस्सीला असतील आणि पॉकेटमनीसाठी दोन-तीन मुलांना शिकवतही असतील. तुमच्यासाठी एवढंच, की फीचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नंतर फार ऑकवर्ड होतं. आणि मुलाला सोडवून दाखवण्याऐवजी त्याला सोडवू द्या. तो चुकत असताना गप्प बसणं किती अवघड असतं, ते कळेलच.

ताईंनी मला बारावीच्या नोव्हेंबरातच थांबवलं. ''आता तुझं तू कर, अडलं तर ये.'' त्या महिन्यापासून फी बंद. नंतर मी दोनदाच गेले. एकदा ऑर्गॅनिकचं एक कन्व्हर्जन अडलं म्हणून आणि एकदा निकालाचे पेढे घेऊन. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, ''ते लॉगचं गणित आलं होतं ना गं पेपरात? सुटलं?''

सुटलं होतं.