मधल्या स्टेशनांची गाडी

नांदेडहून लातूरला जायचंय आणि घाई आहे, तर हा लेख इथंच ठेवा आणि एसटी पकडा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत रस्त्यानं हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत बसतं. रेल्वेनं तेच सव्वादोनशेच्या घरात जातं, कारण रुळांना लोहाही ठाऊक नाही आणि अहमदपूरही. गाडी आधी पश्चिमेला पूर्णा-परभणीला जाते, तिथून दक्षिणेला वळते, गंगाखेडला गोदावरी ओलांडते, परळीला पोचते, मग बालाघाट चढून घाटनांदूर, पानगाव करत लातूर रोडला येते. 'रोड' हा शब्द नावात दिसला की ओळखावं, गाव अजून लांब आहे. लातूर तिथून आणखी तीसेक किलोमीटर. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

नांदेड ते लातूर एका बैठकीत उरकायचंच असेल तर पनवेलला जाणारी एक्स्प्रेस आहे. मी सांगतोय ते पॅसेंजरबद्दल, आणि पॅसेंजरनं हा प्रवास तुकड्या-तुकड्यांनीच होतो. पूर्णेला गाडी बदला, परळीला बदला, लातूर रोडला वाट बघा. पहिल्यांदा गेलो तेव्हा याचा राग आला होता. मग डब्यात नजर फिरवली आणि लक्षात आलं, की नांदेडहून लातूरला निघालेला अख्ख्या डब्यात मी एकटाच आहे. बाकी कुणी चुडाव्याला उतरणारं, कुणी पोखर्णीला दर्शनाला निघालेलं, कुणाची लेक गंगाखेडला दिलेली. ही गाडी त्यांची आहे. दोन टोकं तिला असतात, कारण कुठंतरी इंजिन थांबवावंच लागतं.

पॅसेंजर ओळखायची सोपी खूण म्हणजे गाडीचा नंबर. पाच आकडी नंबरातला पहिला आकडा 5 असेल तर इंजिन लावलेली साधी पॅसेंजर, 6 असेल तर मेमू, 7 असेल तर डेमू. मेमू विजेवर, डेमू डिझेलवर. दोन्हींना वेगळं इंजिन नाही, ड्रायव्हरची केबिन डब्यालाच जोडलेली. कोरोनानंतर या गाड्या परत आल्या त्या 'स्पेशल' नाव घेऊन आणि एक्स्प्रेसचं भाडं घेऊन. दहाचं किमान तिकीट तीस रुपये झालं. डबे तेच, बाक तेच, थांबेही तेच. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या मजुराच्या खिशाला ते वीस रुपये किती टोचले असतील, हे रेल्वेच्या हिशेबात कुठं दिसत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये जुनं साधं भाडं परत आलं, किमान तिकीट पुन्हा दहा रुपये झालं. आरक्षण नाही, सीट नंबर नाही. तिकीट खिडकीवर घ्या नाहीतर मोबाईलवर, पण घेतल्यावर चहा पीत रेंगाळू नका. दोनशे किलोमीटरच्या आतलं चालू तिकीट असेल तर तीन तासांच्या आत किंवा तिकडं जाणाऱ्या पहिल्या गाडीनं, यातलं जे उशिरा असेल तोवर, प्रवास सुरू व्हायला हवा.

बसायचं कसं, हेही सांगतो. चौघांच्या बाकावर सहाजण बसतात, तो अलिखित कायदा आहे. "सरका की जरा" म्हटलं की सगळे सरकतात. जागा झालेली दिसत नाही, पण बसता येतं. बसलं की समोरून प्रश्न येतो, "कुटं निघालाव?" उत्तर टाळू नका. त्या एका उत्तरावर पुढं शेंगा मिळायच्या की नाही ते ठरतं. मी एकदा "लातूरला" म्हणालो तर मांडीवर नातू घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंग यष्टी न्हाई का मिळाली बाबा?" आवाजात खरीखुरी काळजी होती. तिनं स्टीलच्या डब्यातला सुशीला माझ्यापुढं धरला. भिजवून पिळलेले चुरमुरे, हिरवी मिरची, कांदा, वरून शेंगदाण्याचा कूट. पुण्या-मुंबईच्या माणसाला सुशीला हे बाईचं नाव वाटतं. आमच्याकडं तो नाश्ता आहे, आणि प्रवासाला त्याच्यासारखा दुसरा पदार्थ नाही, कारण तो सांडत नाही, विटत नाही आणि गार झाला तरी बिघडत नाही.

आता हा रस्ता असा वाकडा का, ते.

मराठवाड्यातले रूळ मराठवाड्यासाठी पडलेच नाहीत. नांदेडवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग 1900 च्या सुमारास झाला तो निजामाच्या हैदराबादला मनमाडशी, म्हणजे मुंबईच्या वाटेशी जोडायला. तो मीटरगेज, रुळांत अंतर एक मीटर. पुढं विकाराबादहून बिदर, उदगीर करत परळीपर्यंत दुसरा मार्ग आला, तो ब्रॉडगेज, पाच फूट सहा इंचांचा. आणि लातूरला आली ती तिसरीच गाडी, बार्शी लाइट, अवघ्या अडीच फुटांची नॅरोगेज. ती 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1906 ला पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला. म्हणजे आज आपण जो प्रवास करतो, त्याच्या एका टोकाला मीटरगेज, मध्ये ब्रॉडगेज, शेवटी नॅरोगेज. तीन मापांचे रूळ, तीन तऱ्हांच्या गाड्या. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढत नव्हता. लातूर रोडला निजामाची मोठी गाडी उभी राहायची आणि लातूर शहरात बार्शीची छोटी. दोघींना जोडणारा रूळ पडायला ब्रॉडगेजचा काळ उजाडावा लागला.

बार्शी लाइटबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही कल्पना. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, आणि तो सगळ्या चाकांवर सारखा वाटायचा. तसं केलं की हलके रूळ पुरतात, पूल हलके चालतात आणि खर्च आवाक्यात येतो. कापूस, धान्य आणि पंढरीचे वारकरी एवढ्या भांडवलावर कंपनी चालली. 1954 मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. आमच्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्याकडं एक गोष्ट असते, की चालत्या गाडीतून उतरून, बोरं तोडून, परत त्याच डब्यात चढता यायचं. मी ती इतक्या जणांकडून ऐकलीय, की सगळ्यांनी खरंच बोरं तोडली असती तर झाडाला एक उरलं नसतं. गंमत अशी, की याच कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. बार्शी लाइटमधून उतरायला त्याची गरज कुणाला पडली नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही नॅरोगेज ब्रॉडगेज झाली, आणि त्या रुंद रुळांचं खरं मोल एप्रिल 2016 मध्ये कळलं. दुष्काळ असा, की आदल्या वर्षी पाण्यावाचून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. लातूरला पाणी रेल्वेनं आणायचं ठरलं. मिरजेहून दहा टाक्यांची पहिली गाडी निघाली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. साडेतीनशेक किलोमीटर. नंतर पन्नास टाक्यांची गाडी लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: ज्या वाटेनं कॅलथ्रॉपची खेळण्यातली वाटावी अशी गाडी गेली, त्याच वाटेनं. अडीच फुटांच्या रुळांवर हे जमलंच नसतं. लातूरकराला रेल्वेबद्दल काहीही विचारा, तो बोलता बोलता पाण्याच्या गाडीवर येतो.

परत आपल्या डब्यात येऊ. मुदखेड ते परभणी हा पट्टा आता दुहेरी झालाय, त्यामुळं परभणीपर्यंत गाडी बऱ्यापैकी पळते. पुढं एकेरी मार्ग, आणि तिथं खरी पॅसेंजर सुरू होते. समोरून एक्स्प्रेस यायची असेल किंवा मालगाडीला आधी सोडायचं असेल, तर पॅसेंजर बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहते. याला क्रॉसिंग म्हणायचं. हा शब्द डब्यात कुणी मोठ्यानं उच्चारला की चपला काढल्या जातात, पाय वर घेतले जातात, तरणी पोरं खाली उतरून रुळाच्या कडेला उभी राहतात. दहा मिनिटं की पन्नास, ते कुणी विचारत नाही. बाहेर तुरीचं रान, लांब एखादा पंप. मग रुळांत बारीक थरथर येते, समोरची गाडी खिडक्यांवर धूळ उडवत निघून जाते. आपला सिग्नल हिरवा होतो आणि खाली उतरलेले सगळे न धावता, आपल्या घरात शिरावं तसे डब्यात येतात. ज्याला या थांबण्याचा वैताग येतो त्यानं पॅसेंजरच्या वाटेला जाऊ नये, एवढं मी स्पष्ट सांगतो.

गंगाखेडजवळ गोदावरी येते. आमच्याकडं तिला गंगाच म्हणतात, गावाच्या नावातली गंगा ती हीच. संत जनाबाईचं हे गाव. पुलावर गाडी आली की आवाज बदलतो, चाकांखाली मातीऐवजी पोकळी बोलायला लागते. बाया पदराच्या गाठी सोडतात. नाणं बाहेर पडतं आणि दहातली निम्मी नाणी पाण्यात न जाता लोखंडाला आपटून टणकन वाजतात. उन्हाळ्यात खाली पाण्यापेक्षा वाळू जास्त असते, तरी हात जोडायचे राहत नाहीत.

परळीला वीज केंद्राच्या चिमण्या आधी दिसतात, वैद्यनाथाचं मंदिर नंतर. ज्योतिर्लिंग आणि कोळशाच्या वाघिणी एकाच गावात. श्रावणातल्या सोमवारी इथं डब्याबाहेर पडायलाच पाच मिनिटं लागतात. नगर-बीड-परळी ही 261 किलोमीटरची नवी लाइन कैक वर्षं रखडली. 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते नगर पहिली प्रवासी गाडी धावली. बीड-परळीचा तुकडा जोडला गेला की परळीच्या फलाटावर आणखी एक दिशा वाढेल.

परळी सोडली की इंजिनाचा आवाज जड होतो, बालाघाटाची चढण लागते. माझ्या मते या सगळ्या प्रवासात खिडकीसाठी भांडण करावं असा तुकडा हाच. दिवाळीच्या आसपास गेलात तर डोंगरातली सीताफळं पाट्यांतून डब्यात येतात. वर घाटनांदूर, अंबाजोगाईला जाणारे इथं उतरतात. पुढं पानगाव. तिथल्या चैत्यस्मारकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी आहेत. सहा डिसेंबरच्या सुमारास निघणार असाल तर उभं राहायची तयारी ठेवा.

या एवढ्या प्रवासात तुम्ही रेल्वेचे तीन विभाग ओलांडता: नांदेड, सिकंदराबाद आणि सोलापूर. झोन दोन, दक्षिण मध्य आणि मध्य. प्रवाशाला याचं काय, असं वाटेल. मलाही वाटायचं. एकदा एका जंक्शनच्या खिडकीवर पुढच्या जोडगाडीबद्दल विचारलं, तर आतून उत्तर आलं, "ती आमच्याकडं येत नाही." गाडी त्याच फलाटावरून सुटणार होती. सुटलीही, आमची पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलला उभी असताना. तेव्हापासून मी चौकशी चहावाल्याकडं करतो. त्याचं पोटच वेळापत्रकावर आहे.

आणि मधलं स्टेशन होणं कुणालाच आवडत नाही, हेही खरं. लातूर-मुंबई एक्स्प्रेस 2017 मध्ये बिदरपर्यंत वाढवली तेव्हा लातुरात आंदोलनं झाली. गाडी आपल्या गावातून सुटली तर जागा मिळते, मागून भरून आली तर दारात लटकावं लागतं. लातूरकरांचं चुकत नव्हतं. पण त्याच लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला मुंबईची वाट सोपी झाली, त्यांचंही चुकत नव्हतं. चुडावा, पोखर्णी, पानगाव यांना हा वाद कळणारही नाही. ती जन्मापासून मधलीच आहेत. त्यांच्यासाठी थांबणारी गाडी एकच.

म्हणून माझा सल्ला, एका दमात लातूर गाठू नका. दोन दिवस काढा. पोखर्णीला उतरून नृसिंहाचं दर्शन घ्या, गंगाखेडला नदीवर जा, परळीला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी घाट चढा. पाणी सोबत ठेवा, सुटे पैसे ठेवा, फोन घरूनच चार्ज करून निघा. छोट्या स्टेशनावर हॉटेल नसेल, रिक्षा नसेल, कधी कधी फलाटाची उंचीही नसेल. दांडी धरून बेतानं उतरा. उतरण्याआधी परतीची गाडी किती वाजता आहे ते मात्र विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती दुसऱ्या दिवशी सकाळीच असते.