आंगक्लुंग : एका हाती एक स्वर

जावा बेटाच्या पश्चिम भागात, बांडुंग शहराच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात, सुंडानी लोकांची प्राचीन वस्ती आहे. आणि या लोकांनी बांबूपासून जी अनेक वाद्ये निर्माण केली, त्यांत आंगक्लुंगचे स्थान मला अनन्यसाधारण वाटते, कारण हाती धरलेल्या एका आंगक्लुंगातून एकच स्वर निघतो आणि साधी चाल वाजवायची म्हटली तरी माणसांचा मेळा जमवावा लागतो.

त्याची घडण वरवर साधी दिसते. बांबूच्याच चौकटीत दोन, क्वचित तीन किंवा चार, नळ्या उभ्या टांगलेल्या असतात. प्रत्येक नळीचे खालचे टोक पेराच्या गाठीने बंद असते आणि वरच्या भागाची एक बाजू तासून काढलेली असते. डाव्या हाताने चौकट धरून उजव्या हाताने तिचा तळ हलवला, की या नळ्या तळाच्या आडव्या नळीतील खाचांत मागेपुढे सरकून तिच्या कडांवर आदळतात. परंतु कारागिराची खरी कसोटी स्वर लावताना लागते. बांबूच्या भिंतीचा कंप आणि नळीच्या पोटात कोंडलेल्या हवेचा कंप एकमेकांशी जुळले, तरच नाद भरीव उमटतो. म्हणून तो टोक किंचित छाटून स्वर चढवतो, मुळाशी थोडे तासून उतरवतो आणि दोन्ही नळ्यांत तोच स्वर एका सप्तकाच्या अंतराने आणून ठेवतो. बांबू पुरता वाळलेला नसेल, तर हे सारे परिश्रम व्यर्थ जातात.

या वाद्याचा मूळ संबंध भातशेतीशी आहे. न्याई श्री पोहाची ही सुंडानी लोकांची धान्यदेवता. तिने पृथ्वीवर अवतरून पीक समृद्ध करावे, या श्रद्धेने पेरणीच्या व कापणीच्या विधींत आंगक्लुंग वाजत आले. बांटेन प्रांतातील कानेकेस येथील बदुय समाजात हा रिवाज अद्याप पाळला जातो, आणि तेथे त्याला केवळ मनोरंजनाचे साधन मानले जात नाही.

1938 मध्ये दाएंग सूतिग्ना या शिक्षकाने पारंपरिक पंचस्वरी रचनेऐवजी पाश्चात्त्य स्वरश्रेणीनुसार आंगक्लुंग घडविले, तेव्हा ते शाळेच्या वर्गात प्रविष्ट झाले. परंपरेचा हा भंग होय, असा आक्षेप घेता येईल. मला तो पटत नाही, कारण स्वर वाढले तरी प्रत्येकाच्या हाती एकच स्वर देऊन सर्वांना एकत्र बांधण्याचा मूळ दस्तूर त्यांनी मोडला नाही. त्यांचे शिष्य उजो न्गालागेना यांनी पत्नी ऊम सुमियाती यांच्यासह 1966 मध्ये बांडुंग येथे साउंग आंगक्लुंग उजो ही संस्था स्थापिली, आणि 2010 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत या वाद्याची नोंद केली.

वादनाचे प्रकार मोजकेच : अखंड हलवून स्वर लांबवणे म्हणजे कुरुलुंग, एकाच आघाताने तो तोडणे म्हणजे चेंतोक, आणि एक नळी दाबून दुसरीच वाजवणे म्हणजे तेंगकेप. बांडुंगच्या त्या संस्थेत प्रेक्षकांनाही एकेक आंगक्लुंग देतात. निर्देशक प्रत्येक स्वरासाठी हाताची वेगळी खूण ठरवून देतो. आपली खूण येईपर्यंत थांबायचे आणि ती दिसताच हात हलवायचा, एवढे पाळले की संगीताचे शिक्षण न झालेली माणसेही थोड्याच वेळात एखादे पूर्ण गीत वाजवू लागतात.